पेण की रोहा? मिनीडोरला विचारा

मित्रांनो, मी एक जुनी मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा आहे. जुनी म्हटलं की लोक लगेच चुकचुकतात, ते मला मुळीच खपत नाही. माझा टप दोनदा बदललाय, मागचं पायदान वेल्डिंगवर तगलंय आणि चढावर मी जरा खोकते. पण अजून एका झटक्यात सुरू होते. नवीन गाड्यांच्या काचा वर होतात, एसी लागतो, आणि पावसाळ्यात पाणी शिरलं की त्याच आधी माना टाकतात. तेव्हा मला बिचारी म्हणू नका.

पुण्याकडच्या कारखान्यात माझे तीन चाकांचे पाय बसवले आणि मला घाट उतरवून रोह्याला आणलं. माझे पहिले मालक पुंडलिकशेठ. शेठ म्हणायचं आपलं, गाडी एकच होती आणि ती मी. रोहा ते धाटावचे कारखाने ही माझी वाट. पहिल्या शिफ्टचे लोक न्यायचे, रात्रपाळीचे आणायचे. परवाना सहा माणसांचा, पण शिफ्ट सुटली की पायदानावरसुद्धा दोघे उभे. त्यांच्या कपड्यांना कंपनीचा वास असायचा. तो माझ्या सीटमध्ये इतका मुरला की पुढे सीट बदलली तरी मला तो येतच राहिला.

पुंडलिकशेठचे गुडघे गेले आणि त्यांनी मला पेणच्या निकेशला विकलं. निकेश तरणा, बोलका, आणि गिअर टाकताना जरा आडदांड. तेव्हापासून पेण स्टेशन, बाजार आणि खाडीकाठची गावं ही माझी नवी वाट. आता तुम्हीच सांगा, रोहाही पाहिलेली आणि पेणही पाहिलेली, आणि तीही दारोदार थांबून, अशी माझ्याहून जाणकार दुसरी कोण मिळणार? हल्ली मुंबईकडून माणसं येतात, 'राहायला पेण बरं की रोहा?' असं स्टँडवर विचारतात. चहावाल्याला विचारतात, पानवाल्याला विचारतात. मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

पेण म्हणजे गजबज. बाजारात पोहे, पापड, मिरगुंडं, गल्लीगल्लीत गणपतीचे कारखाने, एसटी कुठलीही धरा. पनवेल जवळ, मुंबईही फार लांब नाही. स्टेशनच्या बाजूला इमारती अशा उगवल्यात की मला वळणं नव्याने पाठ करावी लागली. रोहा त्यामानाने संथ. एका बाजूला डोंगर, मधून नदी, दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघाली की अख्खा गाव रात्रभर जागा. धाटावला नोकरी असेल तर जेवायला घरी येता येतं. मुंबई मात्र लांब पडते. माझं मत पक्कं होतं: कामाला रोहा, राहायला पेण. मी हे मत छातीठोकपणे घेऊन फिरत होते, गेल्या एप्रिलपर्यंत.

निकेशची बहीण नमिता. ती दिली खाडीकाठच्या गावात, मिठागरावर जन्म काढलेल्या काळुरामबाबांच्या घरी. तिचा नवरा साहिल धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला. नमिता पनवेलला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. तेव्हा रोज सकाळी मीच तिला गावातून पेण स्टेशनला सोडायचे. साहिल रोह्याला चार मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा. आधी तो मोटारसायकलने रोज जा-ये करून बघत होता. पण एकदा रात्रपाळी करून येताना नागोठण्याच्या पुढे त्याला डुलकी लागली आणि तो गाडीसकट शेतात गेला. हात मोडला, जीव वाचला. त्यानंतर नमिताने त्याला निक्षून सांगितलं, खोलीवर राहा, पण असा येऊ नको.

त्यामुळे झालं असं की त्यांची मुलगी किमया बापाला आठवड्यातून एकदा बघायची. सोमवारी पहाटे तो निघाला की ती माझ्या मागच्या सीटवर तोंड फिरवून बसायची, आईशीसुद्धा बोलायची नाही. जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं होतं. तिघांना एका छपराखाली राहायचं होतं, आणि शाळा सुरू व्हायच्या आत घर ठरवायचं होतं. त्यात एक अडचण होती. नमिता पहाटे गाडी धरणार, साहिलची शिफ्ट फिरती, मग पोरीजवळ कोण? काळुरामबाबा आणि त्यांची बायको ठमाबाई बरोबर येणार असतील तरच घर जमणार होतं. आणि बाबा म्हणजे असा माणूस की गावाबाहेर एक रात्र काढली तरी दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट बिघडायचं.

पहिल्यांदा आम्ही पेणला स्टेशनजवळची एक नवी इमारत बघितली. तिसरा मजला, चकचकीत फरशी, बाल्कनीतून हायवे दिसतो. मी खाली उभी राहून मनातल्या मनात होकार देऊन टाकला. घर दाखवणाऱ्या माणसाला ठमाबाईंनी एकच विचारलं, "पानी कवा येतं?"

"येतं हो आजी, दिवसाआड. कमी पडलं तर टँकर मागवतो आम्ही."

पाण्याचा विषय तिथेच संपला. साहिलला मात्र पेणहून पुन्हा तीच हायवेची जा-ये करावी लागणार होती. म्हणून पुढच्या रविवारी रोह्याकडचं घर बघायचं ठरलं. कोलाडहून रोह्याकडे जाताना नदीकाठी एक गाव आहे, तिथल्या सरूबाईंच्या घराचा अर्धा भाग रिकामा होता. त्या भाताच्या आणि वालाच्या शेतीवर जगलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. मी सगळ्यांना घेऊन निघाले. साहिल रात्रपाळी संपवून धाटावहून परस्पर आला. किमया माझ्यातून उडी मारून त्याच्या कमरेला जी चिकटली ती सुटेना.

घर साधंच होतं, कौलारू, पुढे ओटा, मागे परसात विहीर. नदी खाली, शेताच्या पलीकडे. सरूबाईंनी पाणी दिलं, खोल्या दाखवल्या. नमिताचा चेहरा खुलला. आणि तेवढ्यात काळुरामबाबा नदीवरून तरातरा परत आले.

"चला. हतं रवाचं नाय."

"काय झालं बाबा?" साहिल म्हणाला.

"आज आठम हाय. भांगाचं पानी. सकालची भरती कवाच सरली, आता वोहोटी लागाला पायजे. नि हतं पानी चढतंय! मी काठी रोवून बगितली, डोल्यांदेखत बुडली. जितं पानी आपला टायम पालत नाय, तितं पोरीला घेऊन रवाचं?"

मित्रांनो, हसू नका. मिठागरावरच्या माणसाचं घड्याळ म्हणजे तिथी. आठमीला भरती बेताची, तेच भांगाचं पाणी, अमावस्या-पुनवेला उधाण, हे तो आईच्या दुधाबरोबर शिकतो. बाबांच्या तरुणपणी अवेळी चढलेल्या पाण्याने बांधाला खांड पाडली होती, आणि घरची भातजमीन अनेक वर्षं खारी होऊन पडली. तेव्हापासून त्यांना पाण्याची फार भीती वाटायची. ते कुणाला सांगत नसत, पण पावसाळ्यात मी बांधावरून जायला लागले की ते सीटची दांडी घट्ट धरत, ते मला कळायचं.

सरूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "अवो दादा, हितं कुठली भरती नि कुठली ओहोटी? समुद्र ऱ्हायला तिकडं. वर भिऱ्याला धरनाच्या पान्यावर वीज करतात, मग ते पानी सोडतात. सकाळचं वाढतं, सांजंला उतरतं. रोजचंच हाय."

"मानूस काय भरती आनतो?"

"आनतो तर! नाय पटत तर सांजंपर्यंत बसा. वालाचं बिरडं केलंय."

साहिलने समजावलं, निकेशने मोबाइलवर काहीतरी काढून दाखवलं. बाबांनी मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. ते नदीवर जाऊन बसले. नमिता ओट्यावर बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी समोरच उभी होते, मला दिसलं. बाबांनी नाही म्हटलं की सगळं पुन्हा तसंच, साहिल खोलीवर आणि किमया सोमवारी तोंड फिरवून बसलेली.

दुपार तिथेच गेली. तांदळाची भाकरी आणि बिरडं सगळ्यांनी खाल्लं, बाबांनीसुद्धा, पण रागाने. साहिल ओट्यावर आडवा झाला तो घोरायलाच लागला, आणि किमया त्याच्या पोटावर डोकं ठेवून त्याच्या शर्टाची बटणं लावत-काढत बसली. ठमाबाई कुठे दिसेनात. नंतर मला परसातून रहाटाचा आवाज आला. त्या विहिरीवर होत्या. आधी पाय धुतले, मग पातळ धुतलं, मग सरूबाईंची सगळी भांडी घासून काढली. मग केस मोकळे सोडून डोक्यावरून न्हाल्या. सरूबाई म्हणाल्या, "अगो बाय, पावनी ना तू?" तर ठमाबाई नुसत्या हसल्या आणि पुन्हा पोहरा विहिरीत सोडला.

संध्याकाळी बाबा नदीवरून आले. त्यांच्या हातात ओली काठी होती. खाडीला भरती असते त्या वेळी इथलं पाणी उतरलं होतं.

"उतारला," ते म्हणाले. "पन म्हनून काय झाला? आपला गाव तो आपला गाव."

आता भीतीचा प्रश्न उरला नव्हता, उरला होता नुसता हट्ट. आणि हट्टापुढे कुणाचं काय चालणार? साहिलने मान खाली घातली. निकेशने माझी किल्ली खिशातून काढली.

तेव्हा ठमाबाई ओट्यावर आल्या. केस अजून ओले होते.

"मी येतंय हतं रवाला," त्या म्हणाल्या.

"तू गप गो."

"आज नाय गप बसायची. खारं पानी बांधाभायेर ठेवन्यात तुमचा जल्म गेला. गोड्या पान्याची वाट बगन्यात माजा गेला. टँकर आयला का कामधंदा टाकून हंडा घेऊन पलाचं, नाय आयला तर चूल थंड. आज दुपारधरनं मी ह्या हिरीवर हाय. कोनी मना बोलला नाय, का ठमे, पुरं कर, दुसऱ्यांना पायजे."

मी डिझेलवर जगणारी. मी दोन्ही गावांचे बाजार मोजले, गाड्या मोजल्या, रस्ते मोजले आणि शहाणपणा मिरवत फिरले. खाडीकाठच्या गावांत टँकर आला की बायका माझ्या पुढून धावत जायच्या आणि निकेश हॉर्न वाजवायचा, हे मी रोज पाहत होते. त्याचा घर निवडण्याशी काही संबंध असेल असं माझ्या पत्र्यात शिरलंच नाही.

"नि मी?" बाबांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

"तुमी रवा बांध राखत. भाकरी टँकरवाला देल."

निकेश आधी हसला, मग साहिल, मग नमिता रडता रडता हसली. बाबा हसले नाहीत. पण परत येताना ते पुढच्या सीटवर बसले आणि निकेशला म्हणाले, "मे मयन्यात तुज्या गारीत सामान किती मावंल रं?"

सामान मी तीन खेपांत नेलं. शेवटच्या खेपेला साहिलने पाणी साठवायची निळी पिंपं उचलली. त्या घरातली ती सगळ्यात मोठी वस्तू, ओटीवर रांगेने उभी असायची. ठमाबाईंनी त्याचा हात धरला. "ती नको रं घेऊस," म्हणाल्या. पिंपं त्यांनी शेजारच्या मालूला देऊन टाकली. मालू तिथेच रडायला लागली. पिंपं मिळाली म्हणून नाही. तिला मात्र तिथेच राहावं लागणार होतं म्हणून.

नमिता आता रोह्याहून पहाटेची गाडी धरते. तिची झोप थोडी कमी झालीय, आणि ते ती मला भेटली की सांगते. काळुरामबाबा रोज सकाळी नदीवर जातात आणि आल्यागेल्याला सांगतात, "आता पानी सोरतील बगा." आणि किमया सोमवारी सोमवारसारखी वागते, म्हणजे शाळेला जायला रडते.

मित्रांनो, पेणला नळाला रोज पाणी असतं तर माझा कौल आजही पेणलाच असता, हे मी ठामपणे सांगते. मी काही लगेच पक्ष बदलणारी नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, घर बघायला निघाल, तेव्हा मुंबई किती लांब हे सगळ्यांत शेवटी विचारा. त्या घरात पाणी कोण भरणार, तिला गाडीत पुढच्या सीटवर बसवून न्या. ती कुठे उतरते, कुठे रमते ते बघा. आणि टँकरमागे धावणाऱ्या बाईला बघून हॉर्न वाजवू नका. निकेश आता वाजवत नाही. मालू हंडा घेऊन रस्त्यात आली की तो मला थांबवतो, आणि ती पलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प उभे असतो.