अडतिसांचे तीन

"एकोणीस!" रॅकच्या मागून मोन्सेफ म्हणाला. "वसीला, हा एकोणीस कोणाचा, ते तुझ्या कागदावर बघ जरा."

वसीला त्रिगीने यादीवरून बोट फिरवलं. अठरावा सर्व्हर क्ष-किरण विभागाचा होता, विसावा औषधभांडाराचा. एकोणिसापुढची जागा कोरी होती.

"कुणीच आपला म्हणत नाही, सी मोन्सेफ. सगळ्या विभागांना विचारून झालं."

गुडघ्यावर हात टेकत मोन्सेफ बाहेर आला. केसांना धूळ लागली होती. "नुसता बसून वीज खातोय. माझ्या जावयाचा सख्खा भाऊ दिसतो."

वसीला हसली, पण लगेच कागदात डोकं घातलं. गेले दोन महिने मोन्सेफच्या डोळ्यांत बघून बोलणं तिला जमत नव्हतं.

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरी, बंदराजवळच्या त्या खाजगी इस्पितळात ती बावीस वर्षांपूर्वी कोरी पदविका घेऊन आली, तेव्हा सर्व्हर फक्त चार होते आणि ते सांभाळणारा मोन्सेफ एकटा. तिच्या हातात पहिला पेचकस त्यानेच दिला. पुढे ती शिकत गेली, विभागप्रमुख झाली आणि तो तिच्या हाताखाली आला. त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. लोकांसमोर तो तिला मदाम म्हणे, एकटे असले की 'पोरी'. ती मात्र त्याला कायम आदराने 'सी' लावूनच हाक मारी.

यंदा संचालक सी हातेम यांनी ठरवलं, की अडतीस जुने सर्व्हर काढून त्यांच्याऐवजी दुसऱ्या खोलीत तीन दणकट सर्व्हर आणायचे. त्या तिघांच्या पोटात हे अडतीसही जसेच्या तसे नांदतील आणि प्रत्येकाला वाटेल, आपलं घर वेगळं आहे. योजना वसीलानेच आखली. कोणाला किती स्मृती लागते, कोणाचं काम दुपारी वाढतं, कोणाला कोणाशेजारी ठेवायचं नाही, तिघांपैकी एक पडला तर उरलेल्या दोघांना भार पेलेल का, याची चाळीस पानं तिने लिहिली. त्या पानांचा तिला अभिमान होता.

पाचवं पान मात्र कोरं होतं. त्यावर फक्त मथळा होता : कर्मचारी.

"पाच माणसांची दोन होणार," सी हातेम म्हणाले होते. "यंत्रंच उरली नाहीत, तर ती पुसायला माणसं कशाला? दोन नावं तुम्हीच लिहा, मदाम."

वसीलाने स्वतःचं नाव लिहिलं, खाली नव्या प्रणालीत तरबेज असलेल्या एम्नाचं. लिहायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि ते अर्धं मिनिट तिला पुढे कधीच विसरता आलं नाही.

बाकीच्या तिघांपैकी दोघे तरुण होते. कुणकुण लागताच त्यांनी ट्यूनिसला नोकऱ्या शोधल्या. राहिला मोन्सेफ. त्याच्या पेन्शनीला चौदा महिने बाकी होते.

"त्यांना तुम्हीच सांगा," सी हातेम म्हणाले. "तुमचं ऐकतील."

सांगते, म्हणाली ती. रमजान सरू दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. ईदच्या सकाळी मोन्सेफ बायकोने केलेल्या शर्मूलाची, कांदा-मनुकांच्या चटणीची बरणी आणि खारवलेला मासा घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "तुझ्या आईच्या हातची चव नाही, पण चालवून घे," म्हणाला. तिने बरणी घेतली. त्या दिवशीही तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

दर शनिवारी चार-पाच सर्व्हरांची नक्कल नव्या घरात जायची. नक्कल नीट चालते असं एम्नाने सांगितलं, की मोन्सेफ जुन्या यंत्राचं बटण दाबायचा, तारा सोडवायचा, त्यांची वेटोळी करून बांधायचा. आपल्याच हाताने तो आपलं काम संपवत होता आणि वसीला शेजारी उभी राहून यादीवर खुणा करत होती.

एकोणिसाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. अशा बेवारस यंत्रासाठी धंद्यातली सोपी रीत होती. बंद करायचं आणि कोण ओरडतं ते बघायचं.

"आठवडाभर थांबू या का?" मोन्सेफने विचारलं.

"सी हातेम रोज विचारतायत, किती उरले म्हणून. करा बंद."

त्याने बटण दाबलं. दोन दिवस कुणी ओरडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वसीलाने एकोणिसापुढे 'निरुपयोगी' असं लिहून टाकलं.

मोन्सेफला काही ते पटेना. कामावर येताच त्याने एकोणिसाची करडी तार चिमटीत धरली आणि तिच्या मागोमाग निघाला. तार छतात शिरली, तर तो शिडीवर चढला. भिंतीतून खाली उतरली, तर तोही जिना उतरला. तास-दीड तासाने वसीलाचा फोन वाजला.

"एकोणीस चालू कर! आत्ताच्या आत्ता!" त्याला धाप लागली होती. "रक्तपेढीचा आहे तो!"

रक्ताच्या फ्रिजच्या गारव्यावर नजर ठेवायला कुणीतरी फार पूर्वी तो सर्व्हर बसवला होता. गारवा कमी झाला तर घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. सगळं ठीक असलं की तो गप्प बसायचा, म्हणून तो गेल्याचं कुणाला कळलंच नाही. आणि नेमका त्या सकाळी एका फ्रिजचा दरवाजा अर्धवट लागला होता. काटा सहा अंशांना, धोक्याच्या खुणेला टेकला होता. परिचारिकेने आणि मोन्सेफने मिळून चाळीस पिशव्या दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवल्या. एकही वाया गेली नाही.

वसीला तडक सी हातेमांच्या खोलीत गेली. "हे कुठल्याही कागदावर नव्हतं," ती म्हणाली. "त्या माणसाच्या बोटांत होतं. त्यांना ठेवा. हवं तर माझा हुद्दा काढून घ्या."

सी हातेमांनी सगळं ऐकून घेतलं. ते काही दुष्ट नव्हते. "सापडलं ते फार बरं झालं," ते म्हणाले. "आता यादीत लिहून ठेवा. एकदा लिहिलं, की मग त्यासाठी माणूस लागत नाही." मग म्हणाले, "पेन्शन होईपर्यंत गाड्यांच्या गेटवर घेतो त्यांना. पगार तोच राहील. याच्यापुढे माझ्या हातात नाही."

त्या दुपारी उपाहारगृहात मोन्सेफ हरिसाची तिखट चटणी लावलेला पाव खात होता. वसीला समोर बसली. बोलायला तोंड उघडलं आणि तिला रडूच आलं.

"अगं, लोक बघतायत," मोन्सेफ म्हणाला. "गेटवर ना? समजलं मला. तिथला पहारेकरी हमादी आत्ताच सांगून गेला."

"मला आधीच ठाऊक होतं, सी मोन्सेफ. दोन महिने. यादी मीच..."

"अडतिसांचे तीन होणार, तर पाच खुर्च्यांचं काय होणार, एवढं गणित मलाही येतं की." त्याने पावाचा तुकडा मोडून तिच्यापुढे सरकवला. "वाट बघत होतो, तू कधी बोलतेस त्याची. ईदला वाटलं, आज बोलशील."

तिला वर बघवेना.

"राग आला होता तुझा," तो शांतपणे म्हणाला. "नाही म्हणत नाही. बायकोला म्हणालो, बरणी नेतच नाही. तिने ढकलून पाठवलं." मग पाणी प्यायला. "गेटवर काय, दांडा वर, दांडा खाली. चालू-बंद. जन्मभर तेच तर केलं. फक्त एक कर. निरोप समारंभ नको, फुलं नकोत. शेवटचं यंत्र मी बंद करणार. एवढंच."

महिन्याअखेरीस तेही झालं. एकोणीस नव्या घरात गेला, यादीत त्याच्यापुढे रक्तपेढीचं नाव लागलं. मोन्सेफने अडतिसावं यंत्र बंद केलं, मग भिंतीवरचे दोन्ही थंड हवेचे झोत बंद केले. पंखे गरगरत हळू होत होत थांबले.

त्या खोलीत बावीस वर्षं दोघं ओरडूनच बोलत आले होते. यंत्रांच्या घोंघाटात दुसरा इलाजच नसे. आता बाहेरच्या वाटेवर कुणी चप्पल घासत गेलं, तेही आत ऐकू आलं.

"चहा घेणार का?" मोन्सेफने सवयीने विचारलं.

रिकाम्या खोलीत तो आवाज एवढा मोठा झाला, की तो स्वतःच दचकला. कुणाची झोपमोड झाल्यासारखं त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग दोन पावलं जवळ आला आणि त्या खोलीत तिने कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाला,

"चहा घेणार का, पोरी?"