अंधाराची तपासणी

जागेश्वर नऊ वर्षांपासून कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये रोजंदारीवर होता. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात त्याच्या नोकरीचा फैसला एका डब्यातल्या अंधारावर येऊन ठेपला.

डबा लाकडी, काळ्या रंगाचा. भोवती बर्फ आणि मीठ, आइस्क्रीमच्या पॉटासारखं. आत एक काचेची नळी. भोकातून केसाएवढा काचेचा धागा तिच्यापर्यंत जायचा. त्यातून उजेडाचा एकेक कण आला, की बाहेरच्या मीटरवर आकडा सरकायचा. धागा तुटला की जोडायचा जागेश्वरनं. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग, त्यामुळे बोटं तयार. "सुताले थुंकी लावली का जमते, सर. ह्याचे मात्र लय नखरे," तो म्हणायचा.

नखरे नळीचेही होते. नागपूरच्या उन्हात तिला भास व्हायचे; उजेड नसताना आकडे धावायचे. म्हणून बर्फ. आणि करंट चालू असताना डबा उघडला, तर नळी कायमची आंधळी. दुसरी नळी आणायला दिल्लीपर्यंत कागद फिरवावे लागले असते.

शिक्षण खात्याकडून चंपतराव साहेब तपासणीला आले. यंत्र पसंत पडलं तर जागेश्वर पर्मनंट, नाही तर लॅब बंद आणि जागेश्वर सक्करदऱ्याला, सासऱ्याच्या हातमागावर. साहेबांनी तीन गिलास पाणी ढोसलं, गॉगल पुसला.

"यंत्रात मेन वस्तू कोणती हाय, प्रोफेसर?"

"अंधार," लॅबचे प्रमुख मधुकरराव सर अभिमानानं म्हणाले.

"मंग तो पाहाव लागीन. बिना पाहाता मी सही करत नाही. मागच्या साली एका शाळेनं विहीर दाखवली, मी झाकण काढलं, तं आत बकऱ्या."

"साहेब, उघडलं की अंधार जातो."

"जाते कुठी? मी दाराशी उभा हाओ ना!" आणि साहेबांनी खिशातून बॅटरी काढली. "अंधारात दिसलं पाहिजे ना, म्हनून सोबत ठेवतो."

साहेबांचा हात झाकणावर गेला. जागेश्वर टेबलाला पाठ लावून उभा होता. त्यानं हात मागे नेला, चाचपत करंटचा खटका शोधला आणि दाबला. त्याच क्षणी झाकण उघडलं. साहेबांनी थेट नळीच्या तोंडावर बॅटरी मारली, डोकं आत घातलं, वासही घेतला.

"थंडा हाय. साफ हाय." झाकण लावून ते मीटरकडे वळले. "शून्य! एवढा झकास अंधार मी कोनत्याच कॉलेजात नाही पायला!"

जागेश्वरनं श्वास सोडला. साहेबांनी पेन काढलं. पण सर पडले खरे बोलणारे.

"शून्य?" ते किंचाळले. "शून्य कधीच येत नाही, बर्फातही नळीला थोडे भास होतातच! करंट बंद आहे! कोणी बंद केला?"

"सर, सही होऊ द्या ना गा," जागेश्वर दातात पुटपुटला.

"कोनं बंद केला?" साहेबांचं पेन थांबलं.

"म्या," जागेश्वर म्हणाला. त्याला नऊ वर्षं त्या एका शब्दात बुडाल्यासारखी वाटली.

"काहून? न इचारता?"

"तुमची बॅटरी चालू होती, साहेब. करंट राहिला असता तं नळी मेली असती. आन मंग दिल्लीले लिहाव लागलं असतं, का कोनं मारली."

साहेबांनी बॅटरीकडे पाहिलं. मग दाराकडे. मग गॉगल घातला, लॅबमध्येच.

"हे बाहेर कोनाले मालूम हाय?"

"अजून तं तिघाइलेच."

सही इतक्या घाईत झाली, की कागद फाटला. जागेश्वरच्या पर्मनंटीच्या कागदावर तर दोनदा झाली. सरांनी तो वाचला, त्याच्या हातात दिला आणि पुटपुटले, "मी अजून शून्याबद्दल नाराज आहे."

त्यांनीच करंट चालू केला. "बाहेरच्या उजेडानं नळी दिपली आहे, साहेब. तासभर झाकण बंद ठेवलं की खरा आकडा दाखवतो." मीटरवर आकडे उधळले होते. साहेब थबकले.

"एवढे? आता अंधार खराब झाला काय?" त्यांचा हात पुन्हा झाकणाकडे गेला. "एकडाव पाहू द्या."

जागेश्वरनं कागद खिशात घातला, बर्फाची फिकीर न करता डब्यावर चढला आणि झाकणावर मांडी घालून बसला.

"उठ गा," साहेब म्हणाले.

"नाही उठत, साहेब," जागेश्वर म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कोणाला नाही म्हटलं होतं, आणि खालून गार लागत असूनही त्याला फार बरं वाटत होतं.