तिखटात आपलाच देश पहिला

मित्रांनो, तुमच्या घरी मिक्सर असणार, तेव्हा आधी माझी ओळख करून द्यायला हवी. मी एक जुना पाटा आहे. काळ्या दगडाचा, चांगला जाडजूड, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. माझ्या अंगावरून जो लांबट गोल दगड पुढेमागे फिरतो तो वरवंटा, माझा जन्माचा सोबती. आम्ही दोघं नागपुरात सक्करदऱ्याला, तलावापासून हाकेच्या अंतरावर राहतो. दगडाला बोलता येत नाही म्हणतात. नसेल येत, पण ऐकू सगळं येतं, आणि स्वयंपाकघरात ऐकण्यासारखं फार असतं.

मला या घरात आणलं तुळसाबाईंनी. छप्पन सालच्या दसऱ्याला त्यांनी आणि त्यांचे मालक धोंडबा यांनी याच गावात लाखो लोकांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नवं आयुष्य सुरू झालं तर चूलही नवी हवी, असं तुळसाबाईंच्या मनाने घेतलं आणि त्या धोंडबांना घेऊन इतवारीच्या बाजारात गेल्या. तिथे पाथरवटाच्या ढिगातून त्यांनी मला निवडलं. धोंडबांनी मला डोक्यावर घेऊन सक्करदऱ्यापर्यंत पायी आणलं. वाटेत त्यांनी मला काय काय नावं ठेवली ते तुम्हा मुलांपुढे सांगण्यासारखं नाही.

पण घरी आल्यावर माझे दिवस पालटले. दसरा जवळ आला की खेड्यापाड्यांतून दीक्षाभूमीवर येणारी माणसं आमच्या अंगणात उतरायची, आणि तुळसाबाई त्यांच्यासाठी लाल मिरचीचा ठेचा वाटायला बसायच्या. भाकरी आणि ठेचा, बस्स. नाक पुसत पुसत माणसं आणखी मागायची. घरात नवा पाहुणा आला की पहिल्या जेवणात माझ्यावर वाटलेला ठेचा हवाच, अशी रीतच पडून गेली. दरवर्षी वडारीण येऊन मला टाकी लावून जायची. लोखंडी टाकीने अंगभर टोचून घेणं काही सुखाचं नसतं, मित्रांनो. पण पाटा गुळगुळीत झाला की मिरची नुसती घसरते, वाटली जात नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नको होतं, मिरची वाटता आली तरी पुष्कळ होतं.

तुळसाबाई गेल्या आणि ओट्यावर मिक्सर आला. मी मोरीत गेलो. ज्या अंगावर लसूण वाटला त्या अंगावर साबणाचा फेस आला, आणि धुणं आपटून आपटून मी टाइलसारखा गुळगुळीत झालो. वरवंटा दाराला अडण म्हणून लागला. वाईट वाटायचं. खोटं कशाला सांगू?

आता घराचे मालक म्हणजे तुळसाबाईंचे चिरंजीव, धम्मानंद. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मनाने लोण्यासारखे, पण एक खोड भारी. आपला देश जगात पहिला, हे त्यांना दिवसातून दहा वेळा सिद्ध करावं लागे. चहा घेतला की म्हणत, "असा चाय दुनियेत कुठं भेटत नाई." मे महिन्यात नागपूर भट्टीसारखं तापलं तरी घाम पुसत अभिमानाने म्हणत, "हे ऊन दुसऱ्या देशाले झेपन का गा?" स्वतः ते बुद्धगयेच्या पलीकडे कुठे गेले नव्हते. त्यांच्या पत्नी मायाबाई म्हणायच्या, "दुनिया पाहाले तं जा एकदा." त्यावर धम्मानंद म्हणायचे की पहिल्या नंबरवाल्याने दुसऱ्याचा पेपर पाहायचा नसतो.

एक दिवस त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा, नागसेनचा, फोन आला. नागसेन बुद्धगयेच्या एका हॉटेलात मॅनेजर होता. थायलंडहून येणाऱ्या यात्रेकरूंसोबत दुभाषी म्हणून येणारी एक मुलगी त्याला आवडली होती. तिच्याशी लग्न करायचं होतं, आणि आईबाबांना भेटवायला तो तिला नागपूरला घेऊन येणार होता. मायाबाईंनी आधी नाव विचारलं.

"अरुणी? हे तं आपल्यातलंच नाव वाटते," त्या खूश होऊन म्हणाल्या.

धम्मानंद मात्र फुगून बसले. "आपल्या देशात पोरी सरल्या का? बुद्ध इथं झाले. तिकडले लोक इथं येऊन माथा टेकवतात, न् हा पोट्टा तिकडं पाहून राहिला."

"ती इथंच तं येऊन राहिली, तुमच्या घरी. काहून एवढे तापता?"

संध्याकाळी मोरीत पाय धुताना धम्मानंद माझ्याकडे बघत पुटपुटले, "एकदा सासुरवाडीले तिकडं गेला, का मंग कायचा वापस येते तो." दगडाशी बोलायला कुणाला संकोच वाटत नाही. मित्रांनो, धम्मानंद नाव देशाचं घेत होते, पण भीती त्यांना पोराची होती. मला तेव्हा त्यांच्यावर रागवावं की त्यांना जवळ घ्यावं, ते कळेना.

मग त्यांनी युक्ती काढली. आपण नकार द्यायचा नाही, पोरीनेच पळून जावं. मागे एकदा विहारात थायलंडचे भन्ते आले होते. धम्मानंदांनी स्वतः त्यांना वाढलं होतं, आणि भन्ते नुसता भात आणि केळं खाऊन उठले होते. एवढ्यावरून धम्मानंदांनी अख्ख्या थायलंडचं पोट ओळखलं. "सपक खाणारे लोक," ते म्हणाले. "आईच्या रीतीचा ठेचा पहिल्या जेवणात वाढा. भिवापूरची मिरची घ्या. न् मिक्सरमधला नाई, पाट्यावरचा."

आणि अशा रीतीने, त्या पोरीला पळवून लावण्यासाठी का होईना, माझी मोरीतून सुटका झाली. देवकी वडारीण वर्षाकाठी आमच्या गल्लीतून जाते, तिला थांबवून मला टाकी लावली. वरवंट्याला दारातून सोडवलं. पुष्कळ वर्षांनी माझ्या अंगावर मिरची पडली तेव्हा मायाबाईंना ठसका लागला आणि मला भरून आलं.

अरुणी आली ती दुपारी जेवायच्या वेळेला. बुटकी, हसऱ्या चेहऱ्याची, केस मागे घट्ट बांधलेली. आल्याबरोबर तिने धम्मानंदांना आणि मायाबाईंना गुडघ्यांवर बसून नमस्कार केला. धम्मानंदांचा चेहरा क्षणभर सैल पडला, पण त्यांनी तो लगेच सावरला. अरुणीचं हिंदी मोडकंतोडकं होतं आणि आमच्या घरच्यांचं हिंदीही काही फार सरळ नव्हतं. ते सगळं मी तुम्हाला मराठीतच सांगतो.

ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, आणि कडेला लालभडक ठेचा. धम्मानंद म्हणाले, "बेटा, आरामशीर खा. हे नागपूरचं तिखट हाय. दुनियेत असं तिखट नाई. नाई झेपलं तं राहू दे, त्यात लाज नाई."

अरुणीने भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा. धम्मानंद तिच्या डोळ्यांकडे पाणी यायची वाट बघत होते. नागसेन ताटात तोंड घालून हसू दाबत होता, ती किती तिखट खाते ते त्याला ठाऊक होतं. अरुणीने ठेचा पुन्हा मागितला, आणि मग मायाबाईंना अगदी अदबीने म्हणाली, "पाहुणी म्हणून तुम्ही माझ्यासाठी तिखट कमी केलं ना? एवढी काळजी करायला नको होती."

मायाबाईंच्या हातातला डाव हातातच राहिला.

अरुणीने पर्समधून एक छोटी पुरचुंडी काढली. आत वाळलेल्या, नखाएवढ्या मिरच्या होत्या. बुद्धगयेला जेवण सपक लागतं म्हणून ती त्या जवळ बाळगायची. तिलाही वाटत होतं की भारतातले लोक बिचारे तिखट खात नाहीत. तिने विचारलं, "मी वाटू का?" आणि ती माझ्यासमोर येऊन बसली. पण त्यांच्याकडे खोल दगडी खल असतो, त्यात मिरची कुटतात. तिने वरवंटा उभा धरून माझ्यावर आपटला, तशी एक मिरची उडून थेट धम्मानंदांच्या भाकरीवर पडली.

"अवं, आपटू नोको. लोट. असं, पुढं लोट, न् मंग ओढ," मायाबाई तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी तिच्या हातांवर आपले हात ठेवले. चार हातांनी वरवंटा फिरू लागला. मिरची, लसूण, मीठ, वरून लिंबू. इतक्या वर्षांत माझ्यावर असा वास कधी उठला नव्हता. दोघी हसत होत्या, कशाला ते त्यांनाच ठाऊक.

तो ठेचा धम्मानंदांच्या ताटात आला. डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं. पण अख्ख्या देशाची इभ्रत त्या चिमूटभर ठेच्यावर येऊन ठेपली होती. त्यांनी मोठा घास घेतला. आधी कान लाल झाले, मग उचकी लागली, मग डोळ्यांतून धारा. मायाबाई गूळ घेऊन धावल्या, नागसेन दही घेऊन. अरुणी घाबरून पुन्हा पुन्हा हात जोडू लागली. आणि मायाबाईंना हसू आवरेना, तेच घात करून गेलं.

उचकी थांबल्यावर धम्मानंद कडवट आवाजात म्हणाले, "मिरची खाल्ली म्हणून देश मोठा नाई होत. बुद्ध आमच्या देशात झाले. तुमच्याकडं काय झालं?"

नागसेनने ताट बाजूला सारलं. "बाबा, आम्ही आजच्या गाडीनं वापस जातो."

मला वाटलं, संपलं. हे पोर आता उठेल ते पुन्हा या घरात येणार नाही, आणि ज्याची भीती होती तेच धम्मानंद आपल्या हाताने करून बसतील.

अरुणीने नागसेनचा हात धरून त्याला बसवलं. तिला राग आलेला दिसत नव्हता. ती म्हणाली, "बाबा, बरोबर बोललात. आमच्या घरी हेच सांगतात. मला आईवडील नाहीत, आजीने वाढवलं. ती कधी गावाबाहेर गेली नाही. पण रोज सकाळी ती तुमच्या देशाच्या दिशेला तोंड करून हात जोडते. तुमचा देश मोठा आहे हे मी लहानपणापासून ऐकत आले. मला पटवून द्यायची गरजच नाही."

वाद घालायला समोर माणूस लागतो, आणि इथे समोर कुणी नव्हतंच. धम्मानंदांनी दह्याची वाटी उगाच जवळ ओढली. मायाबाई हळूच म्हणाल्या, "न् आपल्या आईच सांगत होत्या, छप्पन साली दीक्षा देणारे भन्ते ब्रह्मदेशात जन्मले होते. आपल्याकडून गेलेला धम्म तिकडल्यांनी सांभाळून ठेवला, म्हणून आपल्याले वापस भेटला. विसरले का?"

धम्मानंदांनी दह्याची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आजीले फोन लाव, बेटा. चेहऱ्यावाला."

पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला, बारीक कापलेले पांढरे केस. मागे ओट्यावर काळा दगडी खल दिसत होता; माझं तिकडे लक्ष जाणारच. आजीने हात जोडले, धम्मानंदांनीही जोडले. पुढे? तिला हिंदी येत नव्हतं, यांना थाई. मग आजीनेच डोळे मिटून बुद्धवंदना सुरू केली. शब्द तेच पाली, पण उच्चार निराळे, सूर लांबवलेला. आमचे धम्मानंद म्हणजे विहारात मुलांचा एक उच्चार चुकला तरी थांबवणारे. सवयीने त्यांचं तोंड उघडलं. पण या वेळी त्यांनी ते मिटलं, आणि मग आजीच्याच लांब सुरात, तिच्या मागून, तेही म्हणू लागले.

वंदना संपल्यावर आजीने काहीतरी विचारलं. अरुणी सांगेना. धम्मानंदांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "आजी म्हणते, देश मोठा आहे, माणसंही चांगली दिसतात. पण तिथे गेल्यावर माझी पोरगी मला भेटायला परत येईल ना?"

धम्मानंदांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. या वेळी त्यात मिरचीचा काही दोष नव्हता. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, जसा काही तो आजीचा हातच होता.

"सांग त्याईले," ते म्हणाले, "मलेही तेच भेव हाय. दरवर्षी पोरगी येईन त्याईच्याकडं, न् संग आमचा पोरगाही. पण मंग दोघाईलेही वापस पाठवजा म्हणा. घर सुनं लागते."

अरुणीने ते तिकडे सांगितलं. आजी हसली आणि तिने होकाराची मान इतक्या वेळा हलवली की फोनचं चित्रच थरथरलं. नागसेनने ताट पुन्हा पुढे ओढलं.

मित्रांनो, सगळ्यात मोठा देश कोणता, हे मला विचारू नका. मी दगड आहे, फार तर मिरचीबद्दल सांगेन. धम्मानंद अजूनही चहा पिताना म्हणतात, असा चहा दुनियेत कुठं भेटत नाही. म्हणू दे. आपल्या घराचं कौतुक आपण नाही करायचं तर कुणी करायचं? मोरीत एखादा जुना पाटा दिसला तर त्याच्यावर धुणं आपटू नका, टाकी लावून आत घ्या, तेवढी माया आम्हालाही पुरते. आणि लांबच्या मुलखातून तुमच्या दारी कुणी आलं, तर आपलं काय काय मोठं आहे ते त्याला पोटभर सांगा. पण त्याआधी एवढं विचारा, की बाबा रे, तुझ्या घरी तुझी वाट कोण बघतं?