न मारलेला रानकोंबडा

ग्रेडीच्या दुकानात भिंतीवर तीन बंदुका टांगलेल्या होत्या, आणि मूस, म्हणजे घोड्याएवढं रानहरण, मारायची सरकारी मुदत संपायला पाच दिवस उरले होते.

"तिन्ही खाली काढ," ओडेला म्हणाली. तिने कोटाचं बटणसुद्धा सोडलं नव्हतं.

"अगं, आधी शेकून तर घे. चहा टाकू?"

"चहाने पोट भरत असतं तर तुझ्या दारात आले असते का?"

सप्टेंबरात होडी पाण्याखालच्या ओंडक्यावर आपटली. तिच्या नवऱ्याचा, मर्टनचा, खुबा मोडला आणि घरातल्या दोन्ही रायफली कोयुकुक नदीच्या तळाशी गेल्या. माणूस वाचला म्हणून गावाने देवाचे आभार मानले. मानायला काय जातं? बाजेवर पडलेला माणूसही जेवतोच. त्यात मुलीने सोडलेल्या दोन नाती घरात. सामन मासा तीन उन्हाळे धड आला नव्हता, मासे वाळवायचे मांडव नदीकाठी हाडांच्या सापळ्यासारखे उभे होते. जाळी टाकू नका म्हणून हुकूम काढणाऱ्या साहेबांपैकी एकानेही वाळवलेल्या माशावर हिवाळा काढलेला नव्हता. ओडेलाच्या पडवीतल्या मांसाच्या पेटीत आता नुसतं बर्फ होतं.

ग्रेडीने सगळ्यात लहान बंदूक पुढे सरकवली. "ही घे. वीस बोअर, बारीक नळीची. हलकी आहे, बायकांच्या खांद्याला झेपते."

"मग मूसला सांगून ठेव, बाई मारणार आहे, जरा हलक्यानेच मर म्हणून."

ग्रेडी हसला. वीस वर्षं गावात काढूनही हा माणूस चुकीच्या जागी हसायचा.

तिने बारा बोअरची नवी बंदूक उचलली. दस्ता काळ्या प्लास्टिकचा. लाकूड फुगतं, हे फुगणार नाही. बीव्हरच्या कातड्याचा जाड हातमोजा न काढताच तिने पुढची मूठ मागे ओढली, पुढे ढकलली. पुन्हा. पुन्हा. डोळे मिटून. बाप म्हणायचा, हातमोजा घालून चालत नाही ती बंदूक नाही, काठी आहे. आपोआप भरणाऱ्या बंदुका शहरातल्या हौशी लोकांना. थंडीत त्यांची आतडी गोठतात आणि दुरुस्त करणारा विमानाने जावं इतक्या लांब असतो. पंपाची बंदूक तुमच्या हाताच्या जोरावर चालते, हात चालतोय तोवर. वसंतात बदकाला छर्रे, हिवाळ्यात मूसला शिशाची एकेरी गोळी, सगळं त्याच नळीतून. एकच घेण्याची ऐपत असेल तर हीच.

मग तिने तिसरी उचलली. तीही बारा बोअर, पण जुनी, दस्त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. मूठ पाण्यासारखी सरकली. ओडेलाने चिकटपट्टीचं टोक नखाने उचललं. खाली लाकडावर चाकूने कोरलेल्या सात खाचा होत्या.

"ही सिडनीची आहे. तो तर गेला, बंदूक इथे कशी?"

"त्याच्या पुतण्याने आणून दिली. फेअरबँक्सला जायचं होतं त्याला."

"सिडनीचं पॉटलॅच अजून व्हायचंय, ग्रेडी! वसंतात गाव जेवेल, गाणी होतील, मग त्याच्या वस्तू वाटायच्या. तोवर त्या त्याच्याच. मेलेल्याच्या हातातली बंदूक विकतोस तू?"

"मी विकतो. तू घेऊ नकोस." ग्रेडीने खांदे उडवले. "पण ऐक, हिच्यासाठी तू शिवलेल्या हातमोज्यांची एक जोडी पुरेल. नवीसाठी मला तुझी पेट्रोलची करवत लागेल."

करवत म्हणजे सरपण. आणि तेवढ्यावर भागत नव्हतं. नव्या बंदुकीने पाडलेलं पहिलं जनावर मारणाऱ्याच्या चुलीवर चढत नाही. मांस, कातडी, नाकाडसुद्धा, सगळं म्हाताऱ्यांच्या घरी जातं. नाही दिलं तर ती बंदूक पुन्हा तुम्हाला खाऊ घालत नाही. सिडनीची बंदूक हे देणं केव्हाच देऊन बसली होती. ती घेतली तर करवतही राहील, मूसही राहील.

तिने सिडनीची बंदूक परत भिंतीवर टांगली, स्वतःच्या हाताने.

"करवत संध्याकाळी आणून टाकते," ती म्हणाली. "आणि ही पुन्हा कुणाला दाखवलीस तर तुझ्या दुकानात कोण येतं ते बघते."

घरी आल्यावर तिने बंदूक खोलली, कारखान्यातलं घट्ट वंगण पेट्रोलने धुऊन काढलं, कोरडी केली आणि बाहेर पडवीतच ठेवली. आत आणली की तिला घाम सुटतो आणि बाहेर नेली की तो घाम गोठतो. मर्टन बाजेवरून बघत होता.

"करवत दिलीस?"

"दिली."

"लाकूड काय दातांनी तोडायचं?"

"तुझे दात आहेत अजून. कामाला लाव."

तो हसला, मग खुब्याची कळ आली म्हणून थांबला. "हे बघ, पहिलं जनावर मोठंच असलं पाहिजे असं कुणी म्हटलंय? एक रानकोंबडा पाड, आत्याला देऊन ये. देणं फिटलं. मग मूस आपला."

युला आत्या गावातली सगळ्यात म्हातारी. ओडेलाने मान हलवली. युक्ती होती, पण खोटी नव्हती.

पहिल्या दिवशी ती उजाडताच निघाली. रानकोंबडा नाही. दुसऱ्या दिवशी ससासुद्धा नाही; सशांचं ते पडतं वर्ष होतं, बर्फावर एक ठसा दिसेना. तिसऱ्या दिवशी धाकट्या नातीने पिठाची पेज ढवळत विचारलं, "आजी, यात काय आहे?" "पाणी आहे, बाळ." चौथ्या दिवशी तिने वाटेत मूसचे ताजे ठसे पाहिले आणि त्यांच्याकडे पाठ करून कोंबडा शोधत हिंडली. स्वतःला शिव्या घालत हिंडली.

पाचव्या दिवशी दुपारी विलोच्या झुडपांत मूस उभा होता. नर. शिंगं गळालेली, पाठीवर गोठलेलं दहिवर. चाळीस पावलांवर. तो फांदी चावत होता आणि तिच्याकडे बघत होता. सूर्य टेकडीला टेकलेला. अर्ध्या तासात उजेड जाणार, उजेडाबरोबर मुदत.

ओडेलाने छर्ऱ्यांचं काडतूस काढलं, गोळीचं घातलं. मूठ खटकन बसली. "माफ कर," ती पुटपुटली, मूसला की कुणाला, तिलाच ठाऊक नव्हतं. एका गोळीत तो गुडघ्यांवर आला.

तिने पोट फाडलं, हात कोपरापर्यंत उबेत घातले आणि मोठ्याने रडली. तिथे कुणी नव्हतं. हे पहिलंच जनावर, हे फक्त तिला आणि बंदुकीला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी तिने मूसचं डोकं आणि एक फरा घसरगाडीवर घालून आत्याकडे नेला. तेवढा वाटा कुठल्याही मूसमधून म्हाताऱ्यांना जातोच. आत चार-पाच माणसं बसली होती. शेजारचा क्लिफ्टन तोंड पुसत म्हणाला, "नवी बंदूक ना, ओडेला? म्हणजे हा पहिलाच? मग बाकीचा केव्हा येतोय?"

नातीची पेज तिच्या डोळ्यांपुढे आली.

"पहिला नाही. पहिला रानकोंबडा होता. आत्याला दिला."

"अस्सं? कधी?"

सगळे आत्याकडे वळले. युला आत्या हिरड्यांनी सुक्या मांसाचा तुकडा चघळत होती. तिने तो सावकाश गिळला.

"चिवट होता," ती म्हणाली. "स्प्रूसची पानं खाऊन कडू झालेला. हाडं मी नदीकडे टाकली, कुत्र्यांना नाही दिली. तुला काय, क्लिफ्टन, पिसं मोजायचीत?"

लोक हसले. क्लिफ्टनही हसला. हळूहळू सगळे उठले.

दार लागल्यावर आत्याने ओडेलाचं मनगट धरलं. त्या हाताला एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"मी तो खाल्लाय. ऐकतेस ना? भर माणसांत खाल्लाय. आता तो असायला हवा."

"आत्या, जंगलात एक नाही. पाच दिवस..."

"नाती जेवल्या?"

"जेवल्या."

"मग रडू नकोस. नदीचं बर्फ फुटायच्या आत आण. पोरी, माझे फार हिवाळे उरले नाहीत. न खाल्लेलं खाल्लं म्हणून मला वर जायचं नाहीये."

तेव्हापासून ओडेला रोज सकाळी आधी हातकरवतीने सरपण कापते, नवऱ्याला कुशीवर वळवते, नातींपुढे मांस वाढते. स्वतःच्या ताटातला तुकडा तोंडात फिरत राहतो, खाली उतरत नाही. मग ती पडवीतून बंदूक घेऊन निघते. स्प्रूसच्या प्रत्येक झाडाखाली थांबून वर बघते. कुठे पंखांची फडफड नाही. संध्याकाळी मूठ ओढून न उडालेलं काडतूस बाहेर काढते, पुसते, खिशात टाकते. सकाळी तेच पुन्हा भरते.