भिरभिरे थांबले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने, चुळबुळे यंत्र आहे. मुलांच्या डोक्याला तारा लावल्या की माझ्या सोळा लेखण्या मेंदूतल्या विजेच्या लाटा सरकत्या कागदावर काढतात. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही.

मला सांभाळणाऱ्या ताई फार टापटिपीच्या होत्या. त्या मुलांना कागदी भिरभिऱ्यावर तीन मिनिटे फुंकायला लावत, कारण जोरजोरात श्वास घेतला की लपलेला दोष वर येतो. फुंकणे थांबले की मूल दमले, असे समजून त्या लगेच माझे बटण बंद करत. कागद फुकट जाऊ नये, एवढाच हेतू.

एके दिवशी सात वर्षांची मुलगी आली. ती मुद्दाम ऐकत नाही, अशी शाळेची तक्रार होती. तिला आता खालच्या वर्गात बसवणार होते. आलेख चांगला निघाला, तर तिच्या बाजूने बोलायला आईजवळ काहीच उरणार नव्हते. अशा मुलांवर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टरबाई त्या दिवशी मुद्दाम येऊन बसल्या होत्या.

दुसऱ्याच मिनिटाला भिरभिरे थांबले. ताईंचा हात सवयीने बटणाकडे गेला.

"राहू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मुलीच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "चिमणी."

माझ्या सगळ्या लेखण्या एकदम उसळल्या. सेकंदाला तीन टोके, एका तालात, तब्बल दहा सेकंद! मग मुलगी काहीच न झाल्यासारखी पुन्हा फुंकू लागली.

"मी आत्ता काय म्हणाले?"

"कुठे काय म्हणालात?"

आईला रडू आवरेना. "मीपण लहानपणी अशीच हरवायचे," ती म्हणाली. "फार मार खाल्ला हो त्यापायी."

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतले. काही सेकंद भान हरपण्याचा हा आजार, म्हणजे अपस्माराचाच एक प्रकार, काही घराण्यांत उतरतो, पण नेमका कसा, ते त्या अजून शोधत होत्या. गोळ्या सुरू झाल्या आणि मुलगी आपल्याच वर्गात राहिली.

माझे खूप कौतुक झाले. ताईंनी मात्र कपाटातले जुने आलेख काढले. फुंकणे थांबले तिथेच अकरा कागद संपले होते. खाली त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, 'मूल दमले. आलेख ठीक.' ताईंनी अकराही घरी पत्रे पाठवली. चार मुले परत आली.

आता पडद्यावर आलेख दाखवणारे नवे यंत्र आले आहे आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. तुमच्या बाकावरचा मित्र बोलता बोलता थांबला, तर हसू नका, मित्रांनो. त्याच्याकडे नीट बघा आणि मोठ्यांना सांगा. तो कदाचित परत न आलेल्या त्या सात जणांपैकी असेल.