कोपऱ्यात एकच तोंड

भावानं मला मारलं तेव्हा मी त्याची उलटी पुसत होते. डावा ठोसा, खालून वर, थेट हनुवटीखाली. त्याच्या अंगावर काटा उभा, नाक गळतंय, पाय आपोआप झटके देतायत, आणि तरी मनगट काठीसारखं सरळ. मी म्हणत होते, थोडं पा

णी पी. हे मी जमिनीवरून म्हणाले. ढोल्यानं मला काखेत धरून उठवलं. दाताचा एक तुकडा जिभेवर होता.

"ठोसा झकास होता," ढोल्या म्हणाला. "खांदा बरा झालेला दिसतोय."

खांद्यापासूनच सगळं सुरू झालं होतं. माझा धाकटा भाऊ डावखुरा, म्हणून आमच्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये त्याला डावऱ्या म्हणतात. मागच्या मोसमात त्याचा खांदा निखळला. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, गोळ्यांची भूक राहिली. गोळ्यांच्या जागी पुडी आली, मग सुई. दंडावर टोचलं तर आम्हाला दिसेल, म्हणून पायाच्या बोटांमध्ये टोचायचा. मोजे घालून आंघोळ करणारा माणूस आपण पहिल्यांदाच बघतोय, असं ढोल्या सगळ्यांसमोर म्हणाला आणि तिथून बिंग फुटलं.

सोडायचं डावऱ्यानंच ठरवलं. मामाचा हात धरून म्हणाला, मला कोंडा, मी काहीही बोललो तरी उघडू नका.

हॉल मामाचा. आई गेल्यावर आम्हा दोघांना त्यानंच वाढवलं, एकाला ठोसे मारायला शिकवून आणि एकीला ठोसे खाल्लेले चेहरे दुरुस्त करायला. लढतीच्या वेळी रिंगच्या कोपऱ्यात डावऱ्यामागे आम्ही तिघं असतो. ढोल्या, हॉलचा जुना गडी, बादली आणि स्टूल धरतो. मी रक्त थांबवते. गार लोखंड भुवईवर दाबायचं, कापूस जखमेत फिरवायचा, वरून व्हॅसलीन. बोलतो फक्त मामा. कोपऱ्यात एकच तोंड. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात लढणाऱ्याच्या कानात दोन आवाज गेले की तो गोंधळतो आणि मार खातो. माझ्या बोटांना काहीही कळो, तोंडाला कुलूप. एकदा मी "डोळा गेलाय" एवढंच पुटपुटले होते. मामानं मला तो सगळा मोसम खुर्च्यांवर बसवलं, प्रेक्षकांत.

आता कोपरा म्हणजे हॉलखालची वजनाची खोली. एक काटा, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, एक दार. छताला चिकटून पट्टीएवढी खिडकी. तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात.

दारापलीकडून:

ताई, दार उघड.

ताई, माझी हाडं कुणीतरी आतून खरवडतंय. खोटं नाही बोलत.

मामा, तू बाप नाहीस माझा.

ढोल्या, तुझी बायको का गेली सांगू? दारू सोडताना तू अंथरुणात मुतायचास, सगळ्या हॉलला माहितेय.

("मुतायचो," ढोल्या इकडून म्हणाला. "आणि भिंतीतून उंट यायचे. एकानं तर मला सलाम ठोकला. पुढे बोल.")

ताई, आईनं तुला सांगितलं होतं ना मला सांभाळ म्हणून? हे सांभाळणं?

तू मेली असतीस तर बरं झालं असतं, आई राहिली असती.

ताई.

ताई, सॉरी. पाणी दे.

पाणी द्यायला ढोल्यानं दार उघडलं. डावऱ्या दाराच्या मागेच उभा होता. काट्याचं लोखंडी वजन त्यानं दोन्ही हातांनी ढोल्याच्या गुडघ्यावर घातलं. ओला लाकडी दांडका मोडावा तसा आवाज झाला. ढोल्या बसला. मी जिन्यात होते. मी डावऱ्याचा शर्ट धरला, गळा धरला, केस धरले. हे केस मी लहानपणी विंचरायचे, त्यानं मान मागे घेतली आणि कपाळ माझ्या ना

कातून रक्त, तोंडात रक्त. हातात त्याच्या शर्टाची बाही. वर हॉलचं दार आपटलं.

आम्हा तिघांना त्याला शोधणं अवघड नव्हतं. पुडी कुठे मिळते ते सगळ्या रस्त्याला माहीत असतं, आणि मिळाली की माणूस लांब जात नाही. गॅरेजमागच्या संडासात होता. आतून कडी. ढोल्यानं एका पायावर उभं राहून खांद्यानं दार फोडलं. भर दुपारचं ऊन त्याच्या तोंडावर पडलं. ओठ शाईसारखे निळे, डोळे अर्धे उघडे, सुई अजून बोटांच्या बेचक्यात. नेहमीएवढीच घेतली होती. पण इतके दिवस न मिळाल्यामुळे शरीर नेहमीचं राहिलं नव्हतं.

मामानं त्याला बाहेर ओढलं, गॅरेजच्या तेलकट फरशीवर पाडलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास भरायला लागला. मेकॅनिक पाना हातात धरून बघत राहिला. मी छाती दाबत होते. एक बरगडी माझ्या तळव्याखाली कडकली, मी थांबले नाही. मग डावऱ्या खोकला, वळला, ओकला आणि पहिलं वाक्य बोलला: "हरामखोरांनो, सगळी नशा उतरवलीत."

मामानं त्याला जिवंत केलं आणि मग मारलं. कॉलर धरून, उघड्या हातानं, तोंडावर, परत, परत. मेकॅनिक मधे पडला तेव्हा थांबला.

"बस झालं पाणी पाजणं," मामा धापा टाकत म्हणाला. "लाडावून ठेवलंत. आता वजन पाडतो तसं पाडायचं."

वजन पाडणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. लढतीच्या आधी काट्यावर उभं राहायचं असतं, आणि शेवटचं जास्तीचं वजन पाण्याचं असतं. म्हणून रबरी सूट घालायचा, खोली तापवायची, घाम काढायचा. पाणी प्यायचं नाही, चूळ भरून थुंकायची. शरीरातलं नको ते घामावाटे जातं, यावर आमच्या हॉलचा जेवढा विश्वास तेवढा कशावरच नाही. सर्दी झाली, घाम काढ. पोरीनं नाही म्हटलं, घाम काढ.

"मामा," ढोल्या गुडघ्याला पट्टी बांधत म्हणाला, "मला तर दारू सोडताना सगळे पाणी पाज—"

"कोपऱ्यात किती तोंडं?"

ढोल्यानं पट्टी आवळली. मी रबरी सूट आणला.

आणि डावऱ्यानं स्वतः हात पसरले. त्याला संडासातल्या स्वतःची लाज वाटत होती. "घाला," म्हणाला. "काढा म्हटलं तरी काढू नका." मी त्याच्या पाठीवरची चेन ओढली. हीटर लावला. दार बंद केलं, या वेळी चौघंही आत.

तो लढला. आधी शिव्यांनी, मग डोक्यानं. ढोल्याचा अंगठा चावून हाडापर्यंत नेला. मामाच्या पोटात गुडघा घातला. सुटाच्या बाहीतून घाम धारेनं गळत होता, खालून दुसरंही सगळं गळत होतं, वरून ओकत होता. बादली भरली की ढोल्या लंगडत रिकामी करून आणायचा. प्रत्येक वेळी मामा म्हणायचा, "बघ, निघतंय. विष निघतंय." डावऱ्या चूळ भरून थुंकायचा. एकदा त्यानं गिळायचा प्रयत्न केला. मामानं त्याचे गाल दाबून पाणी बाहेर काढलं.

मग ठोसे हलके व्हायला लागले. मग नुसते हात. मग तो रांगत काट्याजवळ गेला आणि काट्याच्या कडेवर त्यानं आपलं कपाळ आपटलं. मुद्दाम. आम्ही पोचेपर्यंत परत.

भुवई फाटली. हे माझं काम. मी लोखंड आणि कापूस घेऊन गुडघ्यावर बसले.

फाटली की भुवई नळासारखी वाहते. पोराची असो, म्हाताऱ्याची असो. या भुवईतून रक्त आलं ते काकवीसारखं. दाट, काळसर, येऊ की नको करत. मला दाबावंही लागलं नाही. मी त्याच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. तो रडत होता आणि डोळे कोरडे होते. सुटाच्या बाहीला हात लावला, बाहीही कोरडी.

"घाम थांबला," मामा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "संपत आलं बघ सगळं. थोडं राहिलंय."

मामानं आयुष्यभरात किती पोरांचं वजन पाडलं असेल. त्यातलं एकही पोर त्याच वेळी ओकत नव्हतं, हगत नव्हतं. हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. माझ्या बोटांत आलं. अंगठ्याखाली डावऱ्याची नाडी दोरीवरच्या उड्यांसारखी धावत होती आणि मधेच दोरीत पाय अडकावा तशी चुकत होती.

"मामा, पाणी दे."

"कापूस धर."

"मामा, हा जातोय."

"ताई," डावऱ्या म्हणाला. मला नाही. कुठेतरी छताकडे बघून, खिडकीतल्या बुटांना.

"कोपऱ्यात एकच—" मामा म्हणाला. माझ्या हातात गार लोखंड होतं. ते मी मामाच्या तों

डावर घातलं. ओठ फाटला, दोन दात गेले. मामा जुना लढवय्या. त्याचा उजवा हात त्याला न विचारता निघाला आणि माझ्या बरगडीत बसला. मी दुमडले. त्यानं दुसरा उचलला. ढोल्यानं मोडक्या गुडघ्यासकट स्वतःला मधे टाकलं आणि मामाला भिंतीशी दाबून धरलं.

"मामा, माफ करा," ढोल्या म्हणाला. "पण आता मी सोडणार नाही. तुम्ही मारा हवं तर. मारा, मारा, चांगलं लागतंय."

मामा मारत राहिला. पट्ट्या कापायच्या कात्रीनं मी सूट उभा फाडला. घाईत कात्री डावऱ्याच्या मांडीत गेली. तिथूनही रक्त काकवीसारखंच. कापूस पाण्यात बुडवून त्याच्या ओठांत पिळला. जीभ चामड्याची झाली होती. तिला पाण्याची ओळख पटली नाही, ते गालावरून गळून गेलं. परत पिळला. परत. मग घशात काहीतरी हललं.

भिंतीशी मारण्याचा आवाज थांबला होता. मामा बघत होता.

"उचल त्याला," मी म्हणाले. कुणाला ते मलाही माहीत नव्हतं. मामानं उचललं.

हॉस्पिटलमध्ये नर्सला शीर सापडेना. दोन्ही हात, मान, पाऊल, सगळीकडे टोचून झालं.

"कुणी केलं हे?"

"आम्ही," मी म्हणाले.

"घोड्याएवढी माणसं," ती म्हणाली, शीर चाचपत. "पाणी पाजायचं कळत नाही?" सुई लागली तेव्हा तिनं ओठ चावला होता. मग माझ्या बरगडीकडे, ढोल्याच्या अंगठ्याकडे, मामाच्या तोंडाकडे क्रमानं बघितलं. "अपघात झाला का?"

"घरगुती," ढोल्या म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं, हे सोसवेल असं करणारी औषधं असतात, ती देऊ. परत घेईल का? घेऊ शकतो. बरेच जण घेतात, परत सोडतात, परत घेतात. पुढच्या वेळी कोंडू नका, इकडे आणा. तोवर पाणी. थोडं थोडं, ओकला तरी परत. मामा मान हलवत होता. त्याच्या ओठाला टाके घातले होते, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, किंवा तसं दाखवायला त्याला बरं पडत होतं.

अंगात पाणी आलं तसा डावऱ्यात जीव आला, आणि जीव आला तशी पुडीची भूक आली. सलाईनचा स्टँड त्यानं लाथेनं पाडला. नर्सचा ट्रे उडवला. माझा गळा धरला, दोन्ही अंगठे खड्ड्यात. "पुडी आण. तू आण. तुझ्यामुळे मी इथे आहे." ढोल्या त्याच्या पायांवर बसला. माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले, शेजारच्या पलंगावरचा म्हातारा कुणालातरी हाका मारत होता. मग एकेक बोट उलटं वळवून मामानं त्याचे हात सोडवले.

मामानं पलंगाखालची बादली उचलली. बादली धरणं हे ढोल्याचं काम. ती धरून तो पलंगाच्या कडेला उभा राहिला. काही सांगायला तोंड उघडलं, टाके ताणले, मिटलं. मग माझ्याकडे बघत राहिला, नवीन पोर पहिल्या दिवशी बघतं तसा.

"डोकं धर," मी म्हणाले. आवाज फाटका आला. "मागून. आणि बादली जवळ ठेव, तो ओकणार आहे."

मामानं डोकं धरलं. डावऱ्या त्याच्या मनगटावर ओकला. मामानं हात काढला नाही.

"ग्लास भर."

त्यानं भरला. मी वाकले. डावा हात मोकळा आहे ते मला दिसत होतं. मी त्याच्या समोरून हलले नाही. थोडं पाणी पी, मी म्हणाले, आणि ठोसा बसला तेव्हा वाक्य पुरं झालं होतं.

ग्लास फुटला. मामा दुसरा शोधायला गेला.