सिस्टरांसमोरचे स्टूल

मित्रांनो, कॉलेजच्या दवाखान्यात सिस्टरांच्या टेबलासमोर जे लोखंडी स्टूल दिसते ना, ते जुने खोड म्हणजे मी. कारखान्यात मला चार पाय जोडले, हिरवा रंग दिला आणि थेट इथे आणून ठेवले. ताप, मुरगळलेले घोटे, परीक्षेची धास्ती, सगळ्यांना मी टेकायला जागा दिली. "याच्यावर बसलं की पोरं मोकळी होतात," असे सिस्टर म्हणायच्या, तेव्हा माझ्या लोखंडी अंगावरही मूठभर मांस चढायचे.

मग त्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटी, ते व्हेप आले. पेनाएवढे, फळांच्या वासाचे. मुले खोकत येऊन बसत आणि सिस्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ओढतोस ना? घरी कळवू?" मुले साफ नाही म्हणत आणि काढता पाय घेत. हळूहळू कोणी येईनासे झाले. माझ्यावर जुन्या फायली साचल्या.

शेवटी आली ती एक मुलगी. धाप लागलेली, दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरलेली. बोलणी खाऊन गेली, ती परत आलीच नाही. जिन्यावरून तिचा खोकला मात्र रोज ऐकू येई, आणि दिवसेंदिवस तो वाढतच होता. माझा जीव टांगणीला लागला.

एकदा नर्सना शिकवायला एक बाई आल्या. त्यांनी फायली उचलल्या आणि सिस्टरांनाच माझ्यावर बसवले. "आता तुम्ही रोज व्हेप ओढणारी मुलगी, मी सिस्टर." मग त्या एकदम कडाडल्या, "ओढतेस ना? घरी कळवू?"

"छे! मी कुठे ओढते?" सिस्टरांच्या तोंडून निघून गेले. त्यांनीही माझी कड धरली होती.

"बघा, तुम्हीसुद्धा थाप मारलीत," बाई हसल्या.

सिस्टर हसल्या नाहीत. "त्या पोरीला मीच घालवली हो," एवढेच म्हणाल्या. त्यानंतर त्या रिकाम्या खोलीत माझ्याशी बोलून सराव करत. आधी विचारायचे, मग ऐकायचे, आणि पुन्हा ओढलंस तरी ये म्हणायचे.

आज ती मुलगी दारात उभी आहे. चौकट धरून.

"घरी सांगाल तुम्ही."

"नाही सांगणार. आधी दम खा. तुला वाटेल तेव्हा बोलू."

"सोडून बघितलं, सिस्टर. नाही जमत माझ्याच्याने. हात कापतात."

"एकटीने सोडायला गेलीस? ये, आत ये गं."

ती अजून आत आलेली नाही. बस गं पोरी, एकदा टेक तरी! मित्रांनो, तुमच्यात असे कोणी असेल तर त्याला नावे ठेवू नका, हाताला धरून इथवर आणा. मला चार पाय आहेत, पण दारापर्यंत जाता येत नाही. तुम्हाला येते.